‘सुजाता’ या नावाचा अर्थ

इयत्ता आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला शब्दसिद्धी हे प्रकरण चालू होते. ‘सु’ हा उपसर्ग लागून झालेले शब्द सांगा, असे म्हणताच मुलींनी सुविचार, सुगंध, सुकन्या, सुवर्ण अशी रांगच लावली. एक मुलगी मात्र खाली मान घालून बसली होती. तास संपल्यावर ती जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “सर, सुजाता म्हणजे चांगल्या जातीची, असंच ना? सुट्टीत गावी गेले होते तेव्हा एक बाई हसून म्हणाल्या, आडनाव हे, आणि नाव म्हणे सुजाता!”

आम्ही तिला त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले. परंतु ते उत्तर अपुरे होते, हे आमचे आम्हालाच जाणवत राहिले. हे नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटावर कोणत्या ना कोणत्या वर्गात सदैव असतेच. आपल्या वस्त्यांतून, विहारांतून, बालसंस्कार शिबिरांतून ते शेकडो वेळा उच्चारले जाते. वैशाखी पौर्णिमेला खीरदान करताना त्या नावाचे आपण आवर्जून स्मरण करतो. तरीही त्याचा अर्थ विचारला असता आपल्यापैकी अनेकांना थांबावे लागते. त्या मुलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक व धम्मबांधव यांच्यासमोर सविस्तर मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाची घडण

‘सुजाता’ हा शब्द ‘सु’ आणि ‘जात’ या दोन घटकांनी बनला आहे. ‘सु’ म्हणजे चांगले, शुभ. ‘जात’ हे संस्कृतातील ‘जन्’ या धातूपासून झालेले भूतकालवाचक धातुसाधित विशेषण असून त्याचा अर्थ ‘जन्मलेला’ असा होतो. जन्म, जननी, जनक, प्रजा हे शब्द त्याच धातूची अपत्ये होत. ‘सुजात’ म्हणजे चांगला जन्म लाभलेला. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘सुजाता’. पालीतही हा शब्द याच अर्थाने व याच रूपात येतो.

मराठीत आपण ज्याला ‘जात’ म्हणतो तो शब्द मात्र ‘जाति’ या नामापासून आला आहे. धातू एकच असला तरी शब्द दोन आहेत. ‘चांगल्या जातीची’ असा अर्थ अभिप्रेत असता तर नावात ‘जाति’ हे नाम असावयास हवे होते. ते येथे नाही. ‘नवजात बालक’ म्हणताना आपल्या मनात जातीचा विचार येत नाही. २०२४ साली आपल्या मराठीला ‘अभिजात’ भाषेचा दर्जा मिळाला. त्या ‘अभिजात’ शब्दातही हाच ‘जात’ आहे, आणि त्याचाही मूळ अर्थ उत्तम कुळात जन्मलेला असाच आहे. त्या गौरवाच्या वेळी भाषेची जात कोणी विचारली नाही. मुलीच्या नावाशी येताच तेवढी जात आठवावी, हा शब्दाचा दोष नसून ऐकणाऱ्या कानाचा दोष आहे.

तथापि व्याकरणाचे उत्तर येथेच संपत असले तरी प्रश्न संपत नाही. चांगला जन्म कोणाचा म्हणावा, हे कोणी ठरवावयाचे? या प्रश्नावर अडीच हजार वर्षांपूर्वी मोठा वाद झालेला आहे. आणि त्या वादाच्या मध्यभागी नेमका हाच शब्द आहे.

चंपानगरीतील चर्चा

पाली निकायांत ब्राह्मणत्वाचा दावा सांगताना एक ठरावीक वर्णन वारंवार येते. मातेकडून आणि पित्याकडून, अशा दोन्ही बाजूंनी जो ‘सुजात’ आहे, सात पिढ्यांपर्यंत ज्याच्या वंशाला कोणी बोट लावू शकत नाही, तो खरा ब्राह्मण, असे ते वर्णन आहे. म्हणजे ‘सुजात’ हा त्या काळी वंशशुद्धीच्या अभिमानाचा शब्द होता. उच्च कुळांनी तो स्वतःसाठी राखून ठेवला होता.

दीघनिकायातील सोणदण्ड सुत्तात या अभिमानाची कसोटी लागते. अंग देशातील चंपानगरीत, गग्गरा नावाच्या पुष्करिणीच्या काठी तथागत उतरले होते. मगधराज बिंबिसाराने ज्याला ती नगरी दान दिली होती तो विद्वान ब्राह्मण सोणदण्ड त्यांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याला विचारले की, कोणत्या गुणांनी युक्त असलेल्या मनुष्याला ब्राह्मण म्हणता येते? सोणदण्डाने पाच गुण सांगितले : दोन्ही बाजूंनी सुजात असणे, मंत्रांत पारंगत असणे, रूपवान असणे, शीलवान असणे आणि प्रज्ञावान असणे.

यांतील एखादा गुण वगळला तर चालेल काय, असे तथागतांनी विचारले. सोणदण्डाने विचार करून रूप वगळले. आणखी एक वगळता येईल काय? त्याने मंत्र वगळले. आणखी एक? त्याने जन्म वगळला. तेव्हा बरोबर आलेल्या ब्राह्मणांत खळबळ उडाली. हा तर श्रमण गौतमाचाच पक्ष घेऊ लागला, असे ते म्हणू लागले. त्यावर सोणदण्डाने सभेत बसलेल्या आपल्या अंगक नावाच्या भाच्याकडे बोट दाखविले. हा रूपवान आहे, मंत्र जाणणारा आहे, दोन्ही बाजूंनी सुजात आहे. परंतु हाच जर जीवहिंसा करू लागला, चोरी करू लागला, खोटे बोलू लागला, मद्य पिऊ लागला, तर त्याचे रूप, मंत्र आणि जन्म काय कामाचे, असा त्याचा रोकडा सवाल होता.

शील आणि प्रज्ञा यांपैकी मात्र एकही वगळता येणार नाही, असे सोणदण्डाने सांगितले. एका हाताने दुसरा हात धुवावा त्याप्रमाणे शीलाने प्रज्ञा आणि प्रज्ञेने शील शुद्ध होते, या त्याच्या दृष्टान्ताला तथागतांनी संमती दिली. जन्माच्या अभिमानाला येथे उत्तर मिळाले, आणि ते एका ब्राह्मणाच्या तोंडूनच वदविले गेले, हे विशेष होय.

उरुवेलेची सुजाता

आता ज्या सुजातेमुळे हे नाव आपल्या घरांत आले तिच्याकडे वळू. उरुवेला प्रदेशातील सेनानी गावच्या सेनानी नावाच्या गृहस्थाची ती कन्या. जातकांच्या प्रारंभी असलेल्या निदानकथेत तिची हकिगत विस्ताराने आली आहे. आपल्याला समान जातीच्या घरी स्थळ मिळावे आणि पहिला पुत्र व्हावा, असा नवस तिने एका वटवृक्षाच्या देवतेला केला होता. ‘समजातिक’ हा शब्द त्या कथेतच आहे. म्हणजे ही मुलगी जातीच्या पलीकडे जन्मलेली नव्हती; आपल्या भोवतालच्या समाजाचीच इच्छा तिच्या तोंडी होती.

नवस फळाला आला. वैशाखी पौर्णिमेच्या दिवशी तो फेडण्यासाठी तिने दुधाची खीर शिजविली आणि झाडाखालची जागा झाडून घेण्यासाठी पुण्णा नावाच्या दासीला पुढे पाठविले. पुण्णेला वटवृक्षाखाली सिद्धार्थ गौतम बसलेले दिसले. वृक्षदेवताच प्रकट झाली, असे वाटून ती धावत परत आली. सुजातेने ती खीर गौतमांना अर्पण केली. त्यांनी नेरंजरा नदीत स्नान करून तिचे एकोणपन्नास घास केले आणि ते ग्रहण केले. त्याच रात्री बोधिवृक्षाखाली त्यांना सम्यक संबोधी प्राप्त झाली.

या प्रसंगाची कथने सर्वत्र एकसारखी नाहीत. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरित’ या काव्यात अन्नदान करणारी गोपप्रमुखाची कन्या असून तिचे नाव नंदबला आहे. लोकांच्या तोंडी ती बहुधा साधी गवळण असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सेनानीची कन्या सुजाता, तिचा नवस आणि दासी पुण्णा यांचा वृत्तान्त घेतला आहे. बोधगयेस जाणारे आपले यात्रेकरू नदी ओलांडून पलीकडे बकरौर गावी जातात, तेथे विटांचा भव्य स्तूप उभा आहे. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तेथे पाल राजा देवपालाच्या नावाबरोबर सुजातेच्या गृहाचा उल्लेख असलेला लेख सापडला. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीही लोक ती जागा तिच्याच नावाने ओळखत होते. राजांच्या नावाने स्तूप असतात, स्थविरांच्या नावाने असतात. परंतु एक वाडगाभर खीर देणाऱ्या गृहिणीच्या नावाने स्तूप असावा, ही गोष्ट थोडी नव्हे.

सुजातेचे मोठेपण कशात आहे? सहा वर्षांच्या कठोर तपश्चर्येने सिद्धार्थांचे शरीर अस्थिपंजर झाले होते. देहदंडाने सत्य सापडत नाही, हे ओळखून त्यांनी पुन्हा अन्न घेण्यास आरंभ केला, तेव्हा पाच सोबती त्यांना सोडून निघून गेले. साधनेतील सहकाऱ्यांना जे समजले नाही त्या वळणावर एका खेड्यातील स्त्रीच्या हातचे अन्न त्यांच्या उपयोगी पडले. ती देवतेला भेटावयास आली होती, आणि तिला एक भुकेला मनुष्य भेटला. तिने हात मागे घेतला नाही. त्या क्षणी कोणी कोणाची जात विचारली नाही. देणारीने नाही आणि घेणाऱ्यानेही नाही. अंगुत्तरनिकायात तथागतांनी आपल्या अग्रगण्य शिष्यांची नावे सांगितली आहेत. त्यांत प्रथम शरण आलेल्या उपासिकांमध्ये अग्रस्थान सेनानीची कन्या सुजाता हिचे आहे. समान जातीचे स्थळ मागणारी मुलगी तेथून येथवर आली. तिच्या नावातील ‘सु’ तिने येथे मिळविला, असे आम्हांस वाटते.

आणखी तीन सुजाता

पाली वाङ्मयात या नावाच्या आणखीही स्त्रिया आहेत. त्यांपैकी एक साकेत नगरीतील श्रीमंत घराण्यातली. उत्सवाहून परतताना अंजनवनात तिने तथागतांचा उपदेश ऐकला, आणि माळा-चंदनाने नटलेली ती स्त्री गृहत्याग करून भिक्षुणी झाली. थेरीगाथेत तिची वाणी जतन केलेली आहे. दुसरी नादिक गावची उपासिका. महापरिनिब्बान सुत्तात आनंदांनी मृत व्यक्तींची गती विचारली असता तथागतांनी ती स्रोतापन्न झाल्याचे सांगितले.

तिसरी सुजाता म्हणजे विशाखेची धाकटी बहीण आणि अनाथपिंडिकाची सून. माहेरच्या श्रीमंतीचा तिला गर्व होता. घरात ती कोणालाच जुमानीत नसे. तथागतांनी तिला जवळ बोलावून सात प्रकारच्या पत्नींचे वर्णन सांगितले. त्यांत वधकासारखी, चोरासारखी, मालकिणीसारखी, तसेच मातेसारखी, बहिणीसारखी, मैत्रिणीसारखी व दासीसारखी पत्नी येते. सुजातेने स्वतःसाठी दासीसारख्या पत्नीचा मार्ग निवडला. आजच्या मुलीला हा शेवट रुचणार नाही, आणि तो तिच्यापुढे आदर्श म्हणून ठेवावा असे आम्हीही म्हणणार नाही. त्या यादीत मैत्रिणीसारखी पत्नीही आहे, हे तिने लक्षात घ्यावे. येथे आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, जन्माने, धनाने आणि नावानेही जी ‘सुजाता’ होती, तिलाही वागणे शिकावेच लागले. कुळाने तिला ते आपोआप दिले नाही.

दुसरा जन्म

जन्म या शब्दाला धम्माने कोणता नवा अर्थ दिला, हे पाहण्यासाठी अंगुलिमालाची कथा आठवावी. अट्ठकथेप्रमाणे तो ब्राह्मण पुरोहिताचा पुत्र होता. म्हणजे जुन्या मापाने तो सुजातच. तरीही तो हत्यारा झाला, आणि पुढे तथागतांच्या उपदेशाने भिक्षू झाला. एके दिवशी श्रावस्तीत भिक्षाटन करताना प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणारी एक स्त्री त्याने पाहिली व तो व्यथित झाला. तथागतांनी त्याला सांगितले की, तिच्याकडे जा आणि जन्मल्यापासून आपण जाणूनबुजून कोणाचा जीव घेतला नाही, या सत्यवचनाने तिचे कुशल चिंत. हे तर धडधडीत असत्य ठरेल, असे तो म्हणाला. तेव्हा तथागतांनी त्या वचनात एकच बदल केला : आर्य जन्माने जन्मल्यापासून, असे म्हण. त्याने तसे म्हटले. माता सुखरूप राहिली आणि बालकही सुखरूप राहिले.

येथे ‘आर्य’ म्हणजे वंशाने श्रेष्ठ नव्हे, तर आचरणाने श्रेष्ठ. पहिला जन्म आईबाप देतात. त्यात आपले कर्तृत्व नाही आणि आपला अपराधही नाही. दुसरा जन्म मनुष्य शीलाने स्वतः घेतो. ‘सुजात’ हा शब्द धम्माच्या भाषेत खऱ्या अर्थाने या दुसऱ्या जन्माला लागू होतो.

आपल्या घरांतील नावे

नाव ही आपल्या समाजात कधीच केवळ हाक मारण्याची सोय नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. त्यानुसार ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे. पाळण्यातील बालकाच्या कपाळी त्याची पायरी नावानेच लिहून ठेवण्याची ही व्यवस्था होती. ज्या ग्रंथात हा नियम आहे, त्याचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दहन झाले.

आपल्या आज्या-पणज्यांमध्ये धोंडी, दगडी अशी नावे होती. ती सर्व केवळ मनूच्या नियमाने आली, असे मात्र म्हणता येणार नाही. मुले जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी अशी नावे ठेवण्याची रीत अनेक जातींत होती. मुलगी नको म्हणून ‘नकुशा’ हे नाव ठेवण्याची रीतही होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, हे वाचकांना आठवत असेल. आपल्या आज्यांनी ती नावे निमूटपणे वागविली आणि त्याच नावांनी अंगठे उठवून आपल्या मुलांना शाळेत घातले. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि आपल्या पाळण्यांतील नावे पालटू लागली. सुजाता, विशाखा, यशोधरा, गौतमी, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा ही नावे एकेका घरात आली. ज्या आईबापांना स्वतःला लिहिता येत नव्हते त्यांनी विहारातील भन्तेजींना किंवा शिकलेल्या शेजाऱ्याला विचारून मुलींची नावे ठेवली. यांतील ‘सुजाता’ हे नाव ठेवणे म्हणजे मोठे धाडस होते. ज्यांचा जन्मच हीन आहे असे शतकानुशतके सांगितले गेले, त्यांनी आपल्या मुलीला ‘चांगला जन्म लाभलेली’ असे भर वस्तीत हाक मारून म्हणावयास सुरुवात केली. सात पिढ्यांचा दाखला त्यांनी कोणाकडे मागितला नाही.

याच सुमारास, १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ हा हिंदी चित्रपट आला. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवर आधारलेल्या या चित्रपटात नूतन यांनी, उच्चवर्णीय कुटुंबात वाढलेल्या एका अनाथ अस्पृश्य मुलीची भूमिका केली आहे. घरातील आई तिला मुलगी न म्हणता मुलीसारखी म्हणते. आणि अखेर त्याच आईला वाचविण्यासाठी रक्ताची गरज पडते तेव्हा जुळते ते सुजातेचेच रक्त. चांगला जन्म कोणाचा, हा प्रश्न त्या चित्रपटाने प्रेक्षकांपुढे टाकला. आपल्या आईबापांनी मात्र मुलीचे नाव ठेवतानाच त्याचे उत्तर दिले होते.

त्या मुलीला उत्तर

आता त्या मुलीकडे परत येऊ. बाळ, सुजाता म्हणजे चांगल्या जातीची नव्हे. सुजाता म्हणजे जिचा जन्म चांगला झाला ती. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या घरी आनंद झाला, तुझे येणे शुभ मानले गेले, हा त्या नावाचा पहिला अर्थ. कोणाचाही जन्म हीन नसतो, हा दुसरा अर्थ. आणि तिसरा अर्थ तुझ्या हाती आहे. उरुवेलेच्या सुजातेने तो भुकेल्याला अन्न देऊन मिळविला; तू तो अभ्यासाने, सत्याने, दुबळ्याच्या बाजूने उभे राहून मिळवावयाचा आहेस. तुझे आडनाव आणि तुझे नाव यांत विसंगती नाही. विसंगती त्या हसण्यात होती.

एक गोष्ट आणखी सांगावयाची आहे. नादिक गावच्या सुजातेची गती सांगून झाल्यावर तथागत आनंदांना म्हणाले की, प्रत्येकाविषयी असे विचारीत बसणे योग्य नव्हे. मी तुम्हांला धम्माचा आरसाच देतो. ज्याची बुद्ध, धम्म व संघ यांवरील श्रद्धा अढळ आहे आणि ज्याचे शील अखंड आहे, त्याने त्या आरशात पाहून आपले स्थान आपणच जाणावे. तुझ्या नावाचा अर्थ खरा की खोटा, हे पुन्हा कोणी हसून सुचविले तर त्याच्या तोंडाकडे पाहू नकोस. या आरशात पाहा.

पालकांनाही आमची नम्र विनंती आहे. आपण मुलींना ही सुंदर नावे दिली; त्यांच्या कथाही त्यांना द्याव्यात. विशाखा कोण होती, संघमित्रा कोठे गेली, पटाचारेने काय सोसले, हे रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटे सांगितले तरी पुरे. नावाचा अर्थ ठाऊक असलेली मुलगी आपले नाव विचारले असता मान खाली घालीत नाही. आमच्या त्या विद्यार्थिनीसह या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व सुजातांना आमच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!